चढाई

लोणावळ्याच्या इंजिन शेडच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर फकरुद्दीन पाच वर्षं घसा फोडून सांगत होता, की दहाच्या दहा जण पुढं घुसा, समोरच्याला चेंडू घेऊन वळूसुद्धा देऊ नका. पण ऐकतंय कोण? प्रत्येक जण आपली जागा वतन मिळाल्यासारखी धरून उभा. यंदा गोऱ्या साहेबानं ठेवलेल्या ढालीचा अंतिम सामना, आणि फकरुद्दीनच्या गुडघ्यांचा शेवटचा. मिशांना तेल चोपडून आलेले गडी पहिल्या शिट्टीलाच तळेगावकरांच्या गोलवर तुटून पडले, दोन गोल चढवले. गडी शिकले एकदाचे, म्हणून फकरुद्दीनचा ऊर भरून आला.

मध्यंतरानंतर बाजू बदलल्या. तेच दहा जण येऊन फकरुद्दीनच्या गोलसमोर उभे राहिले, चेंडूकडे पाठ करून. तळेगावकरांनी त्यांच्यामधून वाट काढत तीन गोल केले.

फकरुद्दीन पचकन थुंकला. "नथू, मगा वाघ झाला होतास ना? आता जा की पुढं."

नथूनं मिशीवरून बोट फिरवलं.

"जाऊ कसा, चाचा? फोटोवाल्यानं कुटं बाजू बदललीय? त्यो तुमच्या मागंच बसलाय."