डावखुऱ्याची गुंडाळी

लोवेलने ठासणीच्या बंदुकीत गोळी सोडली, तर ती आपसूक तळाला गेली. ठासायचा गज लावायची वेळच आली नाही.

कागदात गुंडाळलेली गोळी अंगठ्याने दाबल्यावर कुरकुरत आत जायला हवी. सैल असली, तर उतारावर नळी झुकताच दारूपासून सुटून पुढे सरकते. मग चाप ओढला की एल्क हरीण राहतं बाजूला, नळीच फुटते. आयडाहोच्या या डोंगरात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि दोघांच्या गोळ्या मापून गुंडाळायचा तो मेहुणा, गार्थ. सासऱ्याने सगळी कुरणं लेकीच्या, म्हणजे लोवेलच्या बायकोच्या, नॉर्माच्या नावावर केल्यापासून गार्थ जरा जास्तच गोड बोलायचा.

आत्ताही ओंडक्यावर बसून तो लोवेलचंच सँडविच हाणत होता.

"दाजी, तुम्ही नाही म्हणालात म्हणून घेतलं हं. ताईचा हात सढळ आहे आज."

लोवेलने नळी उलटी केली. दारूसकट गोळी तळहातावर पडली.

"ही तुझ्या बंदुकीत घाल बघू," तो म्हणाला. दोघांच्या नळ्या एकाच मापाच्या. लोवेल मेहुण्याच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिला.

गार्थने हसत गोळी घेतली, बोटांत फिरवली आणि त्याचं हसू मावळलं.

"ही कुणी गुंडाळली?"

"वेड पांघरू नकोस. तूच."

"मी डावखुरा आहे, दाजी." गार्थने खिशातून स्वतःची गोळी काढून शेजारी धरली. कागदाच्या जोडाची तिरकी रेघ एकीवर डावीकडे उतरली होती, दुसरीवर उजवीकडे. "आणि हा कागद माझा नाही. फार पातळ आहे. कपडे बेतायला ताई वापरते तसला."

गुंडाळायला सासऱ्याने लेकाला आणि लेकीला, दोघांनाही शिकवलं होतं.

लोवेलचा हात कमरेच्या गोळ्यांच्या पिशवीवर गेला. सकाळी दारात नॉर्माने ती स्वतःच्या हाताने बांधली होती. कितीतरी वर्षांनी. त्याला केवढं बरं वाटलं होतं.

गार्थ चावायचा थांबला. सँडविचच्या उरलेल्या तुकड्याकडे त्याने पाहिलं.

"दाजी," तो हळूच म्हणाला, "हे तिने तुमच्यासाठीच दिलेलं ना?"