किणकिण

अपघातानंतर प्रणयने राबून शरीर पुन्हा घडवले होते. रेसिंग कारच्या वळणांचा हिसका सोसणारी मान खांबासारखी ताठ होती. प्रश्न उरला होता नजरेच्या चपळाईचा. उद्या डॉक्टर तीच तपासणार होते, नापास झाल्यास शर्यत कायमची सुटणार होती. सिडकोतल्या गच्चीवर धाकटी बहीण निशा रोज खांद्याच्या उंचीवरून चेंडू सोडायची आणि टप्पा पडण्याआधीच प्रणय झेलायचा. आज चेंडू पायाशी उसळला, दुसऱ्यांदाही. “दादा, झोपला का काय?” तिने हसून विचारले. त्याने तिच्या मनगटाकडे पाहिले. “बांगड्या कुठंयत?” “काढून ठेवल्या. लई वाजतात, तुझं ध्यान मोडतं.” वर्षभर त्याने चेंडू नव्हे, तो सुटण्याआधीची किणकिण झेलली होती. निशाचे हसू मावळले. आत जाऊन ती बांगड्या घालून आली. पुढचा चेंडू त्याने अचूक झेलला. मान मात्र त्याला उचलवली नाही.