पिठलं नको, वांगं नको

"पिठलं नको," राजेश्री म्हणाली.

"मग भरीत करते. वांगी हायत घरात."

"बाबांना वांग्यानं खाज सुटते."

"धपाटे?"

"त्यांचे दात हलायलेत गं."

सुकेशनीनं हातातली परात ओट्यावर आदळली. दिवसभर दवाखान्यात लसीकरण होतं. बोरी आणि आजूबाजूच्या गावांतल्या लेकरांच्या रडण्यानं तिचे कान किटले होते. पोटात कावळे ओरडत होते. आणि ही बाई केव्हाची एकेक पदार्थ बाद करत बसली होती, जसं काही घरात व्याह्यांची पंगत बसायची होती.

येणार होते ते राजेश्रीचे वडील, दिनकरराव. मानवतजवळच्या आपल्या गावाहून ते सकाळी जिंतूरला सोयरीक बघायला गेले होते. तिकडून निघायला उशीर झाला. आता पुढची गाडी मिळत नाही, तुझ्याकडंच मुक्कामाला येतो, असा त्यांचा फोन आला होता. राजेश्री शाळेत शिकवायची, सुकेशनी दवाखान्यात नर्स. दोघींनी मिळून दोन खोल्या भाड्यानं घेतल्या त्याला दोन वर्षं झाली होती. स्वयंपाक सुकेशनीचा, भांडी आणि पाणी राजेश्रीचं. ही वाटणी पहिल्याच आठवड्यात ठरली, कारण राजेश्रीची भाकरी तव्यावर जायच्या आधीच फाटायची. दिनकरराव आजवर एकदाही इकडं आले नव्हते.

"खिचडी टाकते. मुगाची."

"खिचडी आजाऱ्याला देतात."

"मेथी निवडू?"

"हॉटेलातून काही आणू का?" राजेश्री म्हणाली. "नाहीतर केळी आणि दूध. उपास हाय म्हणते."

"बुधवारी कसला उपास? डोकं फिरलंय का तुझं? एक काय ते सांग आणि मोकळी हो. मी करते न्हवं?"

राजेश्रीनं तिच्यासमोरची परात हळूच आपल्याकडं ओढली. "तू दमलीस. आज मी करते."

हे वाक्य सुकेशनीनं या घरात कधी ऐकलं नव्हतं. ती राजेश्रीच्या तोंडाकडं बघत राहिली. राजेश्री परातीकडं बघत होती.

"राजे, काय करायचं हे ठरंना झालंय, का कुणी करायचं हे?"

राजेश्रीनं पीठ घेतलं. पाणी जास्त पडलं. पुन्हा पीठ घेतलं. मग मान खाली घालूनच म्हणाली, "खोली घेतली तवाच बाबांनी तुझं आडनाव विचारलं होतं. मी सांगितलंय, दोघींचा स्वयंपाक वेगळा असतो."

आडनाव विचारलं याचं सुकेशनीला नवल वाटलं नाही. ते तिला खोली बघताना विचारलं होतं, नोकरीवर रुजू होताना विचारलं होतं, एकदा तर चालत्या बसमध्ये शेजारच्या बाईनं विचारलं होतं. नवल दुसऱ्याच गोष्टीचं होतं. दोन वर्षं तिच्या हातची भाकरी खाऊन, वर "अजून अर्धी दे" म्हणून, ही पोरगी घरी फोनवर हे सांगत होती.

"मला वाटलं, आपण भाजीवरून भांडायलोत," ती म्हणाली आणि बाहेरच्या खोलीत दाराजवळ खुर्ची ओढून बसली. घरातून निघून जावं असं एक क्षण वाटलं. पण अर्धं भाडं तीही भरत होती. आपल्याच घरातून उठून कुठं जायचं?

दिनकरराव आले. राजेश्रीनं पाणी दिलं, बाहेरच्याच खोलीत ताट वाढलं. एवढा घोळ घालून शेवटी पिठलंच झालं होतं, तेही गुठळ्यांचं. भाकरी बोटभर जाड होती आणि एका कडेनं करपली होती.

"लय भूक लागली बाई," दिनकरराव म्हणाले आणि त्यांनी भाकरी मोडली. पिठल्याला लावून घास उचलला.

राजेश्री समोर उभी होती. तिनं एकदा दाराजवळच्या खुर्चीकडं बघितलं.

"बाबा, हे सुकेशनीनं केलंय. रोज तीच करते. आमचा स्वयंपाक एकच हाय."

त्यातलं पहिलं वाक्य साफ खोटं होतं. पुढची दोन खरी होती.

घास हातातच राहिला. दिनकररावांनी सुकेशनीकडं बघितलं, मग लेकीकडं. लेकीनं पिठानं भरलेले हात पाठीमागं धरले होते, पण मान खाली घातली नव्हती. बाहेर रस्त्यावरून एक ट्रॅक्टर खडखडत गेला. त्याचा आवाज पार विरला.

मग दिनकररावांनी घास तोंडात घातला. बराच वेळ चावला. दुसरा घेतला. ताटात काही ठेवलं नाही. हात धुवून आले आणि सुकेशनीसमोर उभे राहिले.

"पोरी, राग मानू नको. भाकर जरा जाड झाली. पण आमच्या हिला शिकव तेवढी. हिला तर तसलीबी येत न्हाई."

राजेश्रीचं तोंड बघण्यासारखं झालं. सुकेशनी गप्प बसली असती तर सगळं गोडीगुलाबीनं मिटलं असतं. पण दिवसभराचा वैताग तिच्या गळ्याशी आला होता, आणि दुसऱ्याच्या करपलेल्या भाकरीवर माणूस म्हणवून घ्यायची तिची तयारी नव्हती.

"काका, ती भाकर हिनंच केलीय," ती म्हणाली. "माझ्या हातची खायची असंल, तर सकाळची पहिली गाडी सोडावी लागंल."

दिनकररावांनी रुमाल काढला. ओले हात पुसले, बोटं एकेक करून पुसली. लेकीकडं बघितलं नाही.

"दुसरी कितीला हाय?" त्यांनी विचारलं.