तिसरा टिळा

इंजिनाला हार घातलेला होता.

उत्तरेश्वरराव आंघोळ करून सोसायटीच्या पार्किंगमध्ये परत आले, ते हे बघायला. सकाळी सहापासून खपून त्यांनी गाडीचं पुढचं चाक काढलं होतं, जुना टायमिंग बेल्ट उतरवला होता, नवा शेजारी काढून ठेवला होता. तेवढ्यात बायकोने, ललिताबाईंनी, "दसऱ्याच्या दिवशी पारोशाने अवजारांना हात लावायचा नाही" म्हणून त्यांना वर पिटाळलं आणि वीस मिनिटांत खाली पूजा उरकून घेतली. पान्यांना कुंकू, जॅकला कुंकू, बॅटरीवर झेंडूचं फूल.

एवढ्यावर भागलं असतं तर ते काही बोलले नसते. पण बेल्टच्या वरच्या दातेरी चाकावर त्यांनी व्हाइटनरने जो ठिपका केला होता, नेमका त्याच्यावर टिळा होता. आणि मघाशी बाजूला असलेला तो ठिपका आता चाकाच्या अगदी माथ्यावर येऊन बसला होता.

"तू हे चाक फिरवलंस?"

"थोडंसंच. कानशिलावर टिळा लावतात का कुणाला? आधी जड गेलं, मग आपलं आपण फिरलं. खालचं मात्र हललं नाही मेलं, त्याला तसाच लावला."

उत्तरेश्वरराव मटकन स्टुलावर बसले. बेल्टने जोडलेली ही दोन्ही चाकं, तो काढल्यावर जिथल्या तिथे राहायला हवीत. एक दात जरी इकडचा तिकडे झाला, तरी किल्ली फिरवल्याबरोबर आतले व्हॉल्व्ह वाकतात आणि इंजिनाची वाट लागते. गेली एकवीस वर्षं ही गाडी बघणाऱ्या स्वारगेटच्या रहीमभाईंनी फोनवर बजावलं होतं, "साहेब, घरी नका करू. चुकलं तर टोचन लावून माझ्याकडेच आणाल." त्यावर साहेब म्हणाले होते, "संध्याकाळी याच गाडीतून सोनं द्यायला येतो. चहा टाकून ठेवा." कारखान्यात बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या कामावर 'नापास'चा शिक्का मारलेला हा माणूस. आता दोरीला बांधलेली गाडी घेऊन तो कुठल्या तोंडाने रहीमभाईंच्या दारात जाणार?

"खूण करून ठेवायची ना मग," ललिताबाई म्हणाल्या.

"केली होती की! चाकावर."

"आणि ती कशासमोर यायला हवी, त्याची?"

कंपनीची मूळ खूण कधीच झिजून गेली होती. चाकासमोर, इंजिनाच्या धडावर दुसरा ठिपका करायला हवा होता, हे कालच्या शिकाऊ पोरालाही कळलं असतं.

"ते माझ्या डोक्यात होतं."

"मग काढा बाहेर."

डोक्यातून कधी घड्याळातल्या दहाची जागा निघाली, कधी अकराची. दोन्ही सारख्याच खात्रीने.

"सकाळी मी फोटो काढला होता," ललिताबाई जरा नरमल्या. "तुम्ही वाकलेले, मागून. शेजारी ते चाक दिसत होतं. नम्रताला पाठवला होता, सीमोल्लंघन चाललंय म्हणून."

"दाखव ना मग!"

"तुम्हीच थयथयाट केलात. पुसून टाकला."

धाकट्या मेव्हणीला फोन लावण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तो त्यांनाच लावावा लागला, कारण ललिताबाईंना एकाएकी निरांजनाची वात सारखी करायची आठवण झाली.

"आहे की, भावोजी," शनिवार पेठेतून नम्रता म्हणाली. "सगळ्यांना दाखवला, फार आवडला हो लोकांना. कुठला पाठवू? साधा, की मी हसरे चेहरे चिकटवलेला?"

"साधा. मोठा करून बघायचाय."

"मोठा करून बघायचाय? काय ते?"

"चाक!"

फोटो आला. उत्तरेश्वररावांनी दोन बोटांनी स्वतःचा पार्श्वभाग पडद्याबाहेर ढकलला. ठिपका दिसला. अकराच्या किंचित अलीकडे, स्पष्ट, लख्ख. त्यांना फोनचा मुका घ्यावासा वाटला.

ललिताबाईंनी फोन चाकासमोर धरला. ते पान्याने चाक फिरवू लागले. "अजून. अजून. बास. नाही, थोडं मागे." नवा बेल्ट चढला, ताणून बसला. मग त्यांनी इंजिन हातानेच दोन पूर्ण फेरे फिरवलं. कुठे काही अडलं नाही, आणि दोन्ही टिळे आपापल्या जागी परत येऊन उभे राहिले.

"मारू किल्ली?"

"थांब."

एकदा झाली ती चूक पुन्हा नको. व्हाइटनर वर घरातच राहिलं होतं, तबक हाताशी होतं. त्यांनी अनामिका कुंकवात बुडवली आणि वरच्या टिळ्याच्या बरोब्बर समोर, इंजिनाच्या धडावर, श्वास रोखून एक ठिपका उमटवला.

ललिताबाई बघतच राहिल्या. मग पदर सावरून गाडीत बसल्या आणि त्यांनी किल्ली फिरवली.

इंजिन एकदा घुरघुरलं आणि सुरू झालं. ना खडखड, ना टकटक. उत्तरेश्वरराव नुसतेच उभे राहिले, ग्रीसने माखलेला हात छातीवर ठेवून.

तेवढ्यात नम्रताचा फोन आला.

"झाली गं सुरू!" ललिताबाई म्हणाल्या. "मी दोन टिळे लावले होते, पण तिसरा त्यांनी स्वतःच्या हाताने लावला ना, तेव्हा कुठे झाली."

खरं काय ते सांगायला उत्तरेश्वररावांनी तोंड उघडलं.

"चपला," त्यांच्या पायांकडे बघत ललिताबाई म्हणाल्या.

इंजिन सुरेख चाललं होतं. त्यांनी चपला काढल्या.