दर्भाचा हर्षल

"उंची किती होती मुलाची?" गुरुजींनी विचारलं.

"हाय तेवढीच हाय. पाच फूट नऊ इंच. भरतीत मोजलीय," भिमाबाई म्हणाली.

गुरुजींनी दर्भाच्या काड्या बांधायला घेतल्या. ज्याचा देह हाती लागत नाही त्याचा असा पुतळा करून अग्नी देतात. गंगेच्या या घाटावर असे पुतळे बांधता बांधताच त्यांचे केस पिकले होते.

हर्षल हवाई दलात होता. सात वर्षांपूर्वी त्याचं विमान समुद्रावरून जाता जाता नाहीसं झालं. जहाजांनी महिनाभर शोधलं. ना पत्र्याचा तुकडा मिळाला, ना तेलाचा डाग. शेवटी त्याला मृत धरल्याचा कागद आला. सगळ्या पिंपळगावाने तो मानला, भिमाबाईने नाही. समुद्रात बेटं काय थोडी असतात? उतरलं असेल एखाद्यावर. तिची ही बेटं गावाला पाठ झाली होती. लोक तोंडावर हो हो करायचे आणि ती वळली की हळहळायचे.

आज ती आली तीही नवऱ्यासाठी. पुंजारामचं काळीज आता भरवशाचं राहिलं नव्हतं. पोराचं क्रियाकर्म स्वतःच्या हाताने करूनच डोळे मिटायचे, एवढा एकच हट्ट तो धरून बसला होता.

"ह्यांच्या मनाचं समाधान होऊ दे. माझं काय त्यात मन नाय," असं तिने बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलासुद्धा ऐकवलं होतं.

पुतळ्याचं धड झालं. हात झाले, पाय झाले.

"डोक्यासाठी नारळ द्या," गुरुजी म्हणाले.

पुंजारामने पिशवीतून नारळ काढला. भिमाबाईने तो मधेच घेतला आणि कानाशी नेऊन हलवला. नारळ हातात आला की हलवून बघायचा, ही जन्माची सवय. आत पाणी खळखळलं.

"चांगला भरलेला हाय. मी सोता निवडलाय," पुंजाराम म्हणाला.

तिने पुन्हा हलवला. मग तिसऱ्यांदा, अगदी हळू. गुरुजींनी हात पुढे केला, पण तिने नारळ पोटाशी घट्ट धरला.

"मावशी, उशीर होतोय."

"दुसरा आणा गुरुजी, कोरडा बघून," ती म्हणाली. "सात वर्षं पाण्यातच हाय माझं लेकरू."