पातळ की घट्ट

पोळ्याच्या आदल्या दिवशी, उन्हं कलताना, जहीर मिस्त्रीनं मोटारीतलं जुनं काळं तेल घमेल्यात उतरवलं, अकोल्याहून आणलेले दोन डबे गोठ्यापुढं मांडले आणि शेषरावांना विचारलं, "बोला काका. पतलं टाकू का घट्ट?"

मोटार गोठ्यातच उभी असे, दावणीकडं तोंड करून. शेषराव रोज सकाळी रिकामी दावण झाडत. कशासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

जहीरनं फरक नीट समजावला. घट्ट तेल म्हाताऱ्या इंजिनाला मानवतं, धूर कमी होतो. पण सकाळी हँडल फिरवताना जीव निघतो. पातळ टाकलं तर हँडल हलकं जातं, मग धुराची तक्रार करायची नाही. शेषरावांनी दोन्ही डब्यांत बोट बुडवलं, तेल चिमटीत चोळलं, हुंगलं आणि जिभेला लावलं. सरकीची ढेप ते अशीच पारखत. दुसरं जरा कडू आहे, असं त्यांचं मत पडलं. अकोल्याच्या जठारपेठेत सात वर्षं मोटारी दुरुस्त करणाऱ्या जहीरकडं आजवर एकाही गिऱ्हाइकानं चवीबद्दल तक्रार केली नव्हती.

खरी अडचण तेलाची नव्हती. तीस वर्षांत या घरात पार्बताबाईंना विचारल्याशिवाय बैलांची ढेपसुद्धा आली नव्हती. शेषरावांनी एकच गोष्ट न विचारता केली. गेल्या कार्तिकात त्यांनी बाजारात बैलजोडी विकली आणि वांगी अकोल्याला न्यायला अमरावतीच्या एका रावबहादुरांची उतरलेली ही मोटार आणली. त्या दिवसापासून पार्बताबाई नवऱ्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. स्वयंपाक झाला की त्या शेळीला सांगत, "भाकर झाली." शेळी उठून चुलीकडं निघे, शेषराव तिच्या मागून. दहा महिन्यांत शेळी चांगली भरली होती. शेषराव उतरले होते.

आज तर गावातल्या प्रत्येक गोठ्यात बैलांचे खांदे लोणी-हळदीनं शेकणं चाललं होतं. वर्षभर जू ओढलेल्या खांद्यांना चोळायचं आणि उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं. पलीकडच्या गोठ्यातून तो हळदीचा वास येत होता.

शेषराव खाकरले आणि स्वयंपाकघराला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "हे घरात पुसा लागीन, जहीर."

जहीर दाराशी गेला. आतून आवाज आला, पण तो जहीरसाठी होता.

"किती वर्साचं हाये ते?"

"अठरा, काकी."

"चढावर दम लागते?"

"लागते. धूरबी टाकते."

"मंग घट्टच पाज. म्हाताऱ्याले पतलं पुरत नाही."

शेषरावांनी मान डोलावली. निदान विषय तरी दोघांचा एक होता. जहीरनं घट्ट तेलाच्या डब्याचं झाकण काढलं आणि सहज म्हणाला, "ठीक हाये. पण हँडल लय जड जाईन, काकी. काकाचा उजवा खांदा आधीच सुजला. सदऱ्यात हात घालता येत नाही त्याहिले."

आत भांड्याचा आवाज थांबला.

"काहून सांगतलं नाही?" पार्बताबाईंनी विचारलं.

हे कुणाला विचारलं, ते जहीरला कळेना. सांगायचं कुणाला, शेळीला?

"पतलं टाक," आतून आलं.

"धूर होईन, काकी."

"होऊ दे."

जहीरनं डबा बदलला. तेल ओतून होतं न होतं तोच पार्बताबाई बाहेर आल्या. हातात लोणी-हळदीची वाटी होती, कोमट केलेली. शेषराव त्यांना मोटारीकडं जायला वाट करून देत बाजूला सरले.

पार्बताबाई मोटारीला वळसा घालून आल्या. त्यांनी नवऱ्याच्या सदऱ्याची गुंडी काढली, कापड खांद्यावरून खाली सरकवलं आणि सुजेवर पळसाच्या पानानं हळद-लोणी चोळायला लागल्या. जहीरला घमेल्यातल्या जुन्या तेलात अचानक फार काही पाहण्यासारखं सापडलं.

"आज आवतन घ्या," पार्बताबाई शेषरावांना म्हणाल्या, "उद्या जेवाले या."

जेवणाचं नाव ऐकून शेळी सवयीनं उठली.

"तू बस," शेषराव म्हणाले.