जास्तीच्या बटणाची माणसं

रिपोर्टची वाट बघता बघता थिएटरच्या डोअरकीपरला दवाखान्याच्या बाकावर डुलकी लागली. उभ्यानं झोपायची त्याला इतकी सवय, की बसल्या जागी झोप यावी म्हणून भिंतीला पाठ लावून त्यानं आपण उभेच आहोत अशी स्वतःची समजूत घातली.

शेजारी बायको पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. यंदा कोलेस्टेरॉल उतरलं नाही तर दारावरची नोकरी सोडा, असं डॉक्टरांनी मागच्या खेपेस बजावलं होतं. गोळी सुरू केली, लोणी तोडलं आणि त्याऐवजी तिळाचं तेल खा म्हणाले. त्या तेलात स्टेरॉल असतं, दिसायला हुबेहूब कोलेस्टेरॉल. आतड्याच्या दारात ते पुढं घुसून जागा अडवतं, मग खऱ्याला आत शिरायला वाव राहत नाही. फरक थोडाच पडतो, पण पडतो.

"म्हणजे तोतया," डोअरकीपरनं तेव्हाच नाक मुरडलं होतं.

आता झोपेत तो नेमका त्याच दारात उभा होता. दार कसलं, ओलसर मखमलीचा पडदा, आपल्या आपण हलणारा. बाहेर ही लांब रांग. मेणासारखे तुळतुळीत गृहस्थ, सगळे एका चेहऱ्याचे. पण जुळ्या भावांतला तिकीट काढलेला कोणता, हे नुसत्या चपलांवरून ओळखणारा माणूस हा. त्यानं तेव्हाच हेरलं, की काहींच्या कोटाला मागं शेपटाशी एक बटण जास्त आहे, आणि त्यांच्या अंगाला तिळाचा मंद वास येतोय.

त्यानं हात आडवा घातला. जन्मात त्यानं बिनतिकिटाचा माणूस आत सोडला नव्हता. मालकाच्या मेव्हण्यालासुद्धा नाही.

तसे मागचे खरे पुढं सरकले. तिकिटं चोख. हे आत कुठं जाऊन ठिय्या देणार, ते त्याला ठाऊक होतं. आत खोलवर काळजाचं धपधप चाललं होतं, जरा अडखळत.

तिळाच्या वासाचा एक जण हळूच म्हणाला, "काका, आम्हाला खेळ नाही बघायचा. जरा टेकतो, आणि मागच्या दारानं निघून जातो."

डोअरकीपरनं छताकडं मान वळवली. छत गुलाबी होतं आणि श्वास घेत होतं. पडदा सळसळला. बटणं लुकलुकत, काहीतरी गुणगुणत एकामागून एक आत गेली. खुर्च्या भरल्या. मग तो खऱ्या तिकिटवाल्यांकडं वळला आणि त्यांची नजर चुकवत म्हणाला, "हाउसफुल."

ते कुरकुरत लांबच्या लांब बोळातून दिसेनासे झाले.

बायकोनं कोपरानं ढोसलं. तिच्या हातात रिपोर्ट होता. आकडा उतरला होता. फार नाही, पण डॉक्टरांनी उद्यापासून खुशाल कामावर जा म्हणण्याइतका. गुण गोळीचा की तेलाचा, ते त्यांनाही नक्की सांगता येईना. ती मात्र तेलाच्याच बाजूची होती.

डोअरकीपरचा चेहरा पडलेलाच.

"अहो, आता काय झालं?"

"उद्या दारात उभा राहू कोणत्या तोंडानं?"